हीटर चालू पण हवा गार: दुरुस्तीच्या नोंदी

गाडी ११ वर्षं जुनी, पेट्रोल, १.२ लिटरचं इंजिन, हीटर साधा नॉबवाला. सेकंड हँड घेतलेली, आधीच्या मालकानं काय काय केलंय ते माहीत नाही आणि तेच पुढे नडलं. मी मेकॅनिक नाही, ऑइल फिल्टर बदलणं, ब्रेक पॅड टाकणं एवढं घरी करतो. प्रत्येक नोंद त्याच रात्री लिहिलीय, त्यामुळे त्या दिवशी मला जे वाटलं तेच तिथे आहे, नंतर चूक निघालं तरी खोडलेलं नाही.

७ डिसेंबर, शनिवार

सकाळी साडेसहाला बाबांना घेऊन निघालो. नॉब पूर्ण लाल बाजूला, ब्लोअर ४ वर, पंधरा मिनिटं झाली तरी हवा गारच. बाबांचे गुडघे गारठ्यात आखडतात, ते काही बोलले नाहीत पण हात मांड्यांखाली दाबून बसले होते. त्याहून वाईट म्हणजे पुढची काच आतून धुरकट व्हायला लागली, फडक्यानं पुसली की अर्ध्या मिनिटात परत तेच, समोरच्या गाडीचे लाल दिवे नुसते पसरलेले दिसत होते. एका ठिकाणी बाजूला थांबलोच.

तात्पुरता उपाय कळला तो असा की रिसर्क्युलेशन (आतलीच हवा परत फिरवणं) बंद करून बाहेरची हवा घ्यायची आणि एसी चालू करायचा. एसी हवेतली ओल काढतो त्यामुळे काच साफ राहते, आत गारठलो तरी दिसतं तरी. खूपच थंडी असेल, म्हणजे शून्याच्या आसपास, तर बऱ्याच गाड्यांत कॉम्प्रेसर लागतच नाही, तेव्हा ह्याच्या भरवशावर राहू नका.

निरीक्षणं लिहून ठेवतो: ब्लोअर जोरात चालतो. टेंपरेचरचा काटा दहाएक मिनिटांत मधोमध येतो आणि तिथेच राहतो. मोठ्या रस्त्यावर गाडी पळत असताना हवा जरा कोमट वाटली, सिग्नलला आयडलवर आली की परत गार. इंजिन गार झाल्यावर कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची) बाटली बघितली, लेव्हल 'मिन'च्या थोडी खाली.

अंदाज: थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच कूलंट रेडिएटरकडे सोडणारा पार्ट) उघडा अडकलाय. उद्या बदलतो.

८ डिसेंबर, रविवार

थर्मोस्टॅट बदलला. साडेचार तास गेले आणि हीटर कालपेक्षाही गार झालाय.

माझ्या गाडीत तो वरच्या रेडिएटर होसच्या (जाड रबरी नळीच्या) टोकाला, ॲल्युमिनियमच्या झाकणाखाली आहे, १० नंबरचे दोन बोल्ट. एक सहज निघाला, दुसरा गंजलेला, गंज काढायचा स्प्रे मारून अर्धा तास थांबलो आणि मग पाना हळूहळू पुढेमागे करत काढला. इथे घाई केली तर बोल्ट आत तुटतो आणि मग ड्रिलचं काम. जुनं पॅकिंग खरवडायला पाऊण तास गेला, ॲल्युमिनियमवर चरे पडू नयेत म्हणून प्लॅस्टिकची पट्टी वापरली.

पहिली चूक, खाली पसरट भांडं न ठेवताच होस काढला. दोनेक लिटर कूलंट जमिनीवर. ह्याबद्दल जरा कळकळीनं सांगतो, कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं, मांजरं कुत्री ते चाटतात आणि थोड्या प्रमाणातही त्यांच्या किडन्या जातात. आमच्याकडे एक मांजर रोज गाडीखाली झोपतं. काम सोडून आधी माती टाकून सगळं टिपून घेतलं, ती माती पिशवीत बांधली, मग जमीन दोनदा धुतली. तासभर गेला, पण ते आधी करायलाच हवं होतं.

दुसरी चूक लक्षात आली ती सगळं बसवून झाल्यावर. जुना थर्मोस्टॅट पातेल्यात पाणी घेऊन गॅसवर ठेवला, दोऱ्यानं लटकवून, बुडाला टेकू न देता, शेजारी थर्मामीटर. त्याच्यावर ८२ आकडा कोरलेला आहे. पाणी ८० पर्यंत गेलं तोवर घट्ट बंद, ८३ ला मधली चकती केसभर वर आली, ९५ ला पूर्ण उघडली, गॅस बंद केल्यावर परत बंद झाली. म्हणजे उत्तम चालू असलेला पार्ट मी काढून टाकला. नव्याचे, पॅकिंगचे आणि कूलंटच्या कॅनचे पैसे गेले.

नवा बसवताना एकच गोष्ट बरोबर झाली, त्याच्या कडेला एक बारीक भोक आणि त्यात हलणारी पिन असते, ती वरच्या बाजूला ठेवली. हवा तिथून वर निघून जाते.

९ डिसेंबर, सोमवार

संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर. गाडी चालू केली की डॅशबोर्डच्या मागून खळखळ आवाज येतोय, पाण्याच्या टाकीत नळ सोडल्यासारखा. ही हवा आहे, काल कूलंट भरताना राहिलेली. हीटर कोर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला छोटा रेडिएटरच, इंजिनमधलं गरम कूलंट त्यातून फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा मारतो. हवा तिथे अडकली की कूलंट नीट फिरतच नाही.

काल मी रेडिएटर वरपर्यंत भरला, झाकण लावलं आणि संपलं असं समजलो. आज नीट केलं, इंजिन पूर्ण गार असताना. पुढची चाकं रॅम्पवर चढवून गाडीचं तोंड वर, म्हणजे भरायची जागा सगळ्यात उंच. हँडब्रेक, मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे. हीटरचा नॉब पूर्ण गरमवर (काल तो गारवर होता, माझ्या मते तिथेच घोळ झाला). रेडिएटरच्या तोंडात मोठं नरसाळं घट्ट बसवलं, त्याला इन्सुलेशन टेप गुंडाळून, अर्धं कूलंटनं भरलं आणि इंजिन आयडलवर सोडलं. वरचा होस जाड हातमोजा घालून मधून मधून दाबायचा. पहिली दहा मिनिटं काही नाही, मग थर्मोस्टॅट उघडला आणि नरसाळ्यात मोठमोठे बुडबुडे, भकभक करत, लेव्हल एकदम खाली. बाबा टॉर्च धरून उभे होते, त्यांना म्हटलं आत जाऊन बसा, गुडघे दुखतील, तर म्हणाले "तू बघ तिकडं, मी धरतो." रेडिएटरचा फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत चालू ठेवलं. एकूण ७०० मिली अजून गेलं आत.

हे सगळं झाकण उघडं ठेवून गार इंजिनापासून सुरू करायचं असतं. गरम इंजिनाचं झाकण उघडायला कधीही जाऊ नका, दाबाखालचं कूलंट १०० च्या वर असू शकतं आणि झाकण फिरवलं की उसळून तोंडावर येतं.

खळखळ गेली. हीटरची हवा थर्मामीटरवर ३१ अंश, बाहेर ११ होतं. सुधारणा आहे, पण ह्याला हीटर म्हणता येत नाही. नीट चालणाऱ्या गाडीत ५० च्या पुढे मिळायला हवी.

११ डिसेंबर, बुधवार

आज एकाही पान्याला हात लावला नाही आणि सगळ्यात जास्त कळलं. हे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

ऑफिसमधल्या एकाकडून ओबीडी डाँगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाईलवर दाखवणारं यंत्र) आणि इन्फ्रारेड थर्मामीटर उसना आणला. डाँगल मोबाईलला जोडून कूलंटचं खरं तापमान बघितलं: ११ मिनिटांत ८०, नंतर चालवताना ८६ ते ९१ च्या मध्ये. म्हणजे इंजिन व्यवस्थित तापतंय. डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका, बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम असा केलेला असतो की ७५ पासून १०० च्या पुढेपर्यंत मधोमधच दाखवतो. थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असता तर मोठ्या रस्त्यावर आकडा ६०-७० ला घसरला असता, आणि बहुतेक पी०१२८ हा कोड (इंजिन पुरेसं तापत नाही अशी खूण) पण आला असता. तसं काहीच नव्हतं.

मग हीटरचे दोन होस. इंजिनाच्या मागच्या बाजूनं दोन बोटभर जाडीचे रबरी पाईप फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) आत जातात, एक कोरमध्ये गरम कूलंट नेतो, दुसरा परत आणतो. वीस मिनिटं गाडी चालवून आलो, बोनेट उघडलं, इंजिन चालू, बाही आणि मफलर पट्ट्यापासून आणि फॅनपासून लांब ठेवून हात लावला. एकाला चटका बसला, एक सेकंदसुद्धा धरवेना. दुसरा आंघोळीच्या पाण्याइतका पण गरम नव्हता. थर्मामीटरवर ८३ आणि ३६. (इन्फ्रारेडचा नेम काळ्या रबरावर धरा, चकचकीत धातूवर तो वाट्टेल ते दाखवतो. मी आधी क्लिपवर धरला तर ४१ दाखवत होता.)

आता ह्या दोन होसवरून काय समजायचं. दोन्ही गरम असतील तर कोरमधून कूलंट फिरतंय, मग दोष आतल्या झडपेत (गरम-गार हवा वळवणारी पट्टी), नाहीतर तिच्या केबलीत किंवा मोटरमध्ये, कूलंटला हात लावायचं कारणच नाही. दोन्ही गार असतील तर गरम कूलंट तिथवर पोचतच नाहीये, लेव्हल, हवा, थर्मोस्टॅट, वॉटर पंप ह्या क्रमानं बघा. एक गरम एक गार, म्हणजे माझ्यासारखं, तर कूलंट कोरच्या तोंडाशी येऊन अडतंय, कोर चोक आहे किंवा वाटेत हीटर व्हॉल्व्ह असेल तर तो बंद आहे. आयडलला गार आणि पळताना कोमट का व्हायचं तेही जुळलं, रेस वाढली की पंप जोरात ढकलतो आणि थोडं फार आत शिरतं.

व्हॉल्व्ह शोधला. दोन्ही होस बोटानं चाचपत फायरवॉलपर्यंत गेलो, मध्ये काहीच नाही. म्हणजे माझ्या गाडीत कूलंट कोरमधून कायम फिरतं आणि नॉब फक्त आतली झडप हलवतो. त्यामुळे सोमवारची "नॉब गारवर होता म्हणून घोळ झाला" ही माझी समजूत चुकीची, ह्या गाडीत त्यानं फरक पडत नाही. व्हॉल्व्हवाल्या गाडीत मात्र पडतो, त्यामुळे नॉब गरमवर ठेवायची सवय चांगलीच.

झडप पण तपासली, सोडून द्यायची नाही म्हणून. पॅसेंजरच्या पायाशी आडवा झालो, ग्लोव्ह बॉक्स काढला, बाबांनी नॉब फिरवला आणि मी केबल बघितली. लिव्हर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातोय, शेवटी 'ठप' असा आवाज येतो. झडप ठीक. मोटरवाल्या गाड्यांत तिथे टकटक टकटक आवाज येत असेल तर आतला प्लॅस्टिकचा गिअर तुटलेला असतो.

निष्कर्ष: कोर चोक. नवा कोर टाकायचा म्हणजे आख्खा डॅशबोर्ड उतरवायचा, ते माझ्याच्यानं होणार नाही. आधी धुवून बघतो.

१४ डिसेंबर, शनिवार

सकाळी ८ ला सुरू, संध्याकाळी ६ ला थांबलो, काम अर्धवट.

ह्या वेळी खाली टब ठेवला. रेडिएटरच्या खालच्या नळीतून काढलेलं कूलंट मोजलं, ५.२ पैकी ३.१ लिटर निघालं, बाकीचं इंजिनात राहतं. रंग हिरवा असायला हवा होता, निघाला चहासारखा.

गरम होसवर लाल टेप आणि गारवर निळी टेप लावली, मग क्लिपा मागे सरकवल्या. निळा होस हातानं फिरवला आणि निघाला. लाल हलेना. इथे मी मोठी चूक केली. पकडीनं होस धरून पिरगाळला, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा होसच्या जागी आतला पाईपच वळल्यासारखा वाटला. हात थांबला तिथेच. तो पाईप कोरचा आहे, पातळ ॲल्युमिनियमचा, मोडला तर पुन्हा डॅशबोर्ड उतरवणं आलं. टॉर्च मारून बघितलं तर पाईप थोडासा, दोनेक मिलिमीटर, एका बाजूला कललाय. तडा दिसला नाही.

बरोबर रीत अशी, होसला लांबीत ब्लेडनं चीर द्यायची, ब्लेड पाईपला टेकू द्यायचं नाही, आणि मग केळ्याच्या सालीसारखा उकलून काढायचा. होस वाया जातो पण कोर वाचतो. मी शेवटी तेच केलं, दहा मिनिटं लागली. त्याआधीची चाळीस मिनिटं आणि तो बाक फुकटचा.

धुण्याआधी एक माप घेतलं आणि ते घेतलं म्हणून बरं झालं. कोरच्या एका नळीला पाईपचा तुकडा आणि नरसाळं, दुसऱ्या नळीला पाईप लावून तो खाली बादलीत. एक लिटर पाणी ओतलं आणि घड्याळ लावलं: १ मिनिट ४० सेकंद. एवढं पाणी नरसाळ्यात उभं राहून बघत होतं अक्षरशः.

मग बागेतला पाईप, उलट्या दिशेनं, म्हणजे जिथून कूलंट बाहेर येतं तिथून पाणी आत. जो गाळ येताना अडकलाय तो आल्या वाटेनं परत जाईल. पाईप क्लिप लावून घट्ट बसवायचा नाही, हातानं धरायचा, दाब जास्त झाला तर पाणी बाजूनं उडून जाऊ दे. घरच्या नळाला २-३ बार सहज असतात आणि माझ्या रेडिएटरच्या झाकणावर १.१ लिहिलंय, कोर तेवढ्याच हिशोबानं बनलेला असतो. नळ पाव फिरवला.

पहिली काही सेकंदं नुसतं गढूळ पाणी ठिबकलं. मग एकदम भसकन तपकिरी लोंढा, त्यात खपल्या. बादलीच्या तळाशी बसलेलं बोटांत घेऊन चोळलं, मऊ चिखलात बारीक चमकणारे कण होते, अभ्रकासारखे. हे गंजाचं काम नाही. रेडिएटरची गळती बुजवायला जी पावडर कूलंटमध्ये टाकतात, तिच्यात असले कण असतात. ती पावडर जिथे भोक असेल तिथे जाऊन साठते, पण तिला भोक आणि हीटर कोरच्या बारीक नळ्या ह्यांतला फरक कळत नाही. आधीच्या मालकानं कुठली तरी गळती अशी झाकली आणि गाडी विकली. राग आला. पावडर टाकली होती एवढं सांगितलं असतं तरी माझा आठवडा वाचला असता आणि बाबांची ती सकाळ.

उलट, सुलट, उलट, असं सहा वेळा केलं. पाणी स्वच्छ यायला लागल्यावर परत माप: एक लिटर २५ सेकंदांत.

लाल होस मिळेपर्यंत गाडी बंद.

१५ डिसेंबर, रविवार

२५ सेकंदांवर समाधान होईना. लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, ५० ग्रॅम एक लिटर गरम पाण्यात विरघळवून कोरमध्ये भरलं. कोर ॲल्युमिनियमचा आहे म्हणून ३० मिनिटांची मर्यादा ठरवली, मोबाईलवर गजर लावला, रात्रभर वगैरे ठेवायचं नाही.

चूक: सांडू नये म्हणून दोन्ही नळ्यांत फडक्याचे बोळे घट्ट कोंबले. ॲसिड आतल्या क्षारावर लागलं की फसफसतं, गॅस होतो. दहाव्या मिनिटाला एक बोळा फटकन उडाला आणि आंबट तपकिरी फेस इंजिनावर, थोडा माझ्या बाहीवर. चष्मा घातलेला होता म्हणून डोळे वाचले. एक तोंड उघडं ठेवा, त्याला पाईप लावून तो वर बांधून ठेवा. इंजिनावर उडालेलं लगेच भरपूर पाण्यानं धुतलं, अल्टरनेटरवर आधी प्लॅस्टिक बांधलं.

नंतर साध्या पाण्यानं आठ वेळा, शेवटी दोनदा डिस्टिल्ड वॉटरनं. माप: १४ सेकंद. दुसऱ्यांदा ॲसिड घातलं नाही, हावरटपणा करून कोरला भोक पाडायचं नव्हतं. आतलं उरलेलं पाणी पायानं मारायच्या हवेच्या पंपानं हलकेच बाहेर काढलं. तोंडानं फुंकू नका, आत ग्लायकॉल असतं.

१७ डिसेंबर, मंगळवार

नवा होस मिळाला. जुना बरोबर घेऊन जा, वाक आणि आतला व्यास दोन्ही जुळायला लागतो, मी पहिल्यांदा नुसतं माप सांगून आणलेला परत करावा लागला.

इंजिनात राहिलेलं जुनं २.१ लिटर कूलंट पण तसलंच घाण असणार, म्हणून डिस्टिल्ड वॉटर भरून, गरम करून, गार होऊ देऊन काढलं, दोनदा. ह्यातच संध्याकाळ गेली, कारण दर वेळी इंजिन गार व्हायला दीड तास.

आता भरताना हिशोब करा, इथे फसायला होतं. इंजिनात साधारण २.१ लिटर नुसतं पाणी आहे. मी ८ तारखेला जे आणलेलं ते तयार मिक्स, अर्धं पाणी अर्धं कूलंट. ते ३.१ लिटर ओतलं असतं तर त्यातलं खरं ग्लायकॉल १.५५ लिटर, ५.२ मध्ये म्हणजे ३० टक्केच. म्हणून कॉन्सन्ट्रेट आणलं, आधी ते २.६ लिटर, वरून अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर, झालं निम्मं निम्मं. असं मिश्रण उणे ३७ पर्यंत गोठत नाही. जास्त म्हणजे चांगलं असं समजून नुसतं कॉन्सन्ट्रेट भरू नका, शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं आणि उष्णता पण कमी वाहून नेतं. मॅन्युअलमध्ये जो प्रकार लिहिलाय तोच घ्या, वेगवेगळ्या प्रकारची कूलंटं एकत्र केली तर त्यांतली गंज रोखणारी रसायनं एकमेकांशी जुळत नाहीत.

रॅम्प, नरसाळं, होस दाबणं, ९ तारखेसारखंच. ह्या वेळी बुडबुडे वीस मिनिटांत थांबले.

रात्री साडेदहाला आकडे घेतले. लाल होस ८५, निळा ७२. मधल्या व्हेंटमधून येणारी हवा ५७ अंश, बाहेर ९. बाबा झोपायला गेले होते, त्यांना उठवलं नाही, एकटाच दहा मिनिटं गाडीत बसलो, दोन्ही हात व्हेंटसमोर धरून. काच स्वतःहून खालून वर साफ होत गेली.

१९ डिसेंबर, गुरुवार

आज गाडीत शिरल्यावर गोडसर वास. कूलंटचाच. आणि बाटलीतली लेव्हल बोटभर खाली.

पहिला विचार त्या वाकलेल्या पाईपचा आला आणि पोटात गोळा आला. कोर आत गळत असेल तर तीन खुणा असतात: गोड वास, पुढच्या काचेवर आतून तेलकट थर जो पुसला की फराटे उठतात, आणि पॅसेंजरच्या पायाशी ओला कारपेट. काचेवर कोरडा कागद फिरवला, चिकट काही नाही. कारपेट उचलून खालच्या फोममध्ये बोटं खुपसली, कोरडा.

बोनेट उघडून फायरवॉलपाशी टिश्यू पेपर दाबला तर लाल होसच्या खाली हिरवा डाग. गळती बाहेर होती. क्लिप मी पाईपच्या टोकाला जी उंचवट्याची कड असते तिच्यावरच आवळली होती, ती कडेच्या मागे बसायला पाहिजे. तिथून एकेक थेंब गरम इंजिनावर पडत होता आणि वाफ वायपरखालच्या जाळीतून हवेबरोबर आत येत होती. क्लिप सरकवून, पुरेशी आवळून (रबर क्लिपच्या फटींतून वर यायला लागलं म्हणजे जास्त झालं), काम दहा मिनिटांत संपलं.

खात्रीसाठी हातपंपाचा प्रेशर टेस्टर भाड्यानं आणला, गार इंजिनावर १ बार दाब देऊन पंधरा मिनिटं ठेवला. काटा हलला नाही. वाकलेला पाईप धरतोय.

२८ डिसेंबर, शनिवार

नऊ दिवस, रोज गाडी. हीटरची हवा ५४ ते ५८ च्या मध्ये, आयडलला ४९. आज बाबांना परत नेलं, अर्ध्या रस्त्यात त्यांनी जॅकेटची चेन उघडली आणि ब्लोअर एकनं कमी करायला सांगितलं.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाहीये. ती पावडर कुठली तरी गळती झाकायला टाकलेली होती. मी ती धुवून काढली. मग ती गळती कुठे गेली? कोर नव्हे, रेडिएटर टॉर्च मारून बघितला, कोरडा. वॉटर पंपच्या खाली आरसा धरला तर तिथल्या बारीक भोकाखाली हिरवट पांढरी सुकलेली खपली, ओघळाच्या आकाराची. पंपाचं आतलं सील जायला लागलं की कूलंट त्याच भोकातून बाहेर पडावं म्हणून ते ठेवलेलं असतं. खपली जुनी आहे की नवी ते सांगता येईना, म्हणून ब्रशनं घासून भोक स्वच्छ केलं, पुसून कोरडं केलं, आणि बाटलीवर आजच्या लेव्हलला पांढरी टेप लावली. इथून पुढे गार इंजिनावर, एकाच सपाट जागी, दर रविवारी बघायचं.

५ जानेवारी, रविवार

लेव्हल टेपच्या एक सेंटिमीटर खाली. आरसा धरला, भोकाच्या तोंडाशी हिरवा ओला थेंब आणि खाली नवा ओघळ, अजून सुकलेला नाही. म्हणजे पंपच. टेस्टर एक बारला गप्प राहिला कारण तेव्हा इंजिन बंद होतं, हे सील पंप फिरताना गळतंय असं दिसतंय.

आज निर्णय घेतला, पावडर टाकणार नाही. पंप बदलेपर्यंत लेव्हल रोज बघणार, डिकीत एक लिटर मिश्रण ठेवलंय, लांबचा प्रवास बंद. कूलंट फार कमी झालं की सेन्सर उघडा पडतो आणि काटा खोटं सांगू शकतो, त्यामुळे हीटर अचानक गार झाला तर गाडी तिथेच थांबवायची, हे घरात सगळ्यांना सांगितलंय. पंप, त्याचं पॅकिंग आणि बाहेरचा पट्टा मागवलाय. माझ्या इंजिनात पंप बाहेरच्या पट्ट्यावर आहे, टायमिंगला (इंजिनाच्या आतल्या पट्ट्याला किंवा साखळीला) हात लावावा लागत नाही, म्हणून हेही घरीच करणार. टब, लाल निळी टेप आणि नरसाळं वेगळ्या खोक्यात काढून ठेवलंय, मांजराला गाडीखालून उठवून दुसरीकडे पोतं घालून दिलंय.